सतराव्या पानावर नाखवा

कोपरीतल्या आमच्या ऑफिसात फोन वाजला की नाखवासाहेब तो उचलायच्या आधी क्षणभर त्याच्याकडे रागाने बघत. नव्या माणसाला वाटे, यांना फोनचा तिटकारा आहे. खरं कारण वेगळं होतं. पलीकडचा माणूस आपल्याला शोधत आलाय की चुकून आलाय, हा संशय त्यांच्या मनात आधीच उभा राही, आणि तो त्यांनी अनुभवाने कमावलेला होता.

आमची कंपनी मासेमारीची जाळी बनवायची. कारखाना डोंबिवलीच्या एमआयडीसीत आणि विक्रीचं ऑफिस ठाण्याला कोपरीत, एका किराणा दुकानावरच्या दोन खोल्यांत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले. बाळकृष्ण नाखवा तेव्हा विक्री बघत. चेंदणी कोळीवाड्यातले. वडलांची होडी खाडीत, आणि हे घराण्यातले पहिले मॅट्रिक. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं आणि त्यांच्या शेजारी जाळं विणायची एक लाकडी सुई. परदेशी गिऱ्हाइकांना ते असं इंग्रजी लिहीत की थोरले शेठ म्हणायचे, "नाखवा, तुम्ही कलेक्टर व्हायचे ते जाळ्यात अडकलात."

पत्र सांगताना त्यांचे हात रिकामे राहत नसत. टेबलाच्या खणाच्या कडीला सुतळी बांधायची आणि बोलता बोलता गाठी मारत जायचं. पत्र संपेपर्यंत कडीला चार बोटं जाळं लोंबत असे. शनिवारी मी ते कात्रीने कापून टाकी.

"वैद्यबाई, 'उत्तम दर्जा' काढा त्यातून," ते मला म्हणत.

"का? आहे की आपला माल उत्तम."

"ते सगळेच लिहितात. वाचणाऱ्याला काय कळलं त्यातून? आस किती बोटांचा ते लिहा." आस म्हणजे जाळ्याचं भोक. "त्याच्या हातात जाळं नाही, फक्त कागद आहे. कागदावरून त्याला जाळं दिसलं पाहिजे."

त्यांचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा होता: ज्याला आपली गरज आहे, त्याला आपण दिसलो पाहिजे. आणि नशीब असं, की आम्ही कधी दिसलोच नाही. दिसलो ते भलत्यांनाच.

पहिला घोटाळा व्यापाऱ्यांच्या एका छापील डिरेक्टरीने केला. नाखवांनी आमची नोंद स्वतःच्या हाताने लिहून दिली होती. छापून आली ती 'मच्छरदाणी' या मथळ्याखाली. वर्षभर फोन येत राहिले. डबलबेडची आहे का? पाळण्याची? गुलाबी मिळेल? सुरुवातीला नाखवा समजावून सांगत. पावसाळ्यात डास वाढले तसे फोन वाढले आणि त्यांचा धीर सुटत गेला. एका बाईंना ते म्हणाले, "बाई, आमच्या जाळ्यात डास येणार नाही, पण घोळ मासा आला तर सुटणार नाही. पाठवू?" त्या बाईंनी फोन आपटला.

पुढच्या वर्षी ते डिरेक्टरीच्या ऑफिसात तीनदा जाऊन बसले. मथळा बरोबर करून घेतला, स्पेलिंग तपासलं, छापायच्या आधीचा कागद डोळ्यांखालून घातला. पुस्तक आलं तेव्हा सगळं बिनचूक होतं. फक्त फोन नंबरातला शेवटचा आकडा चुकला होता.

आलेल्या दहा प्रती नाखवांनी एकेक करून उघडून बघितल्या, जणू एखादीत तरी नंबर बरोबर असेल. मग त्यांनी तो चुकीचा नंबर फिरवला. कोपरीतच राहणाऱ्या कर्णिकबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेकडे तो लागला.

"जाळ्यांचं ना?" बाई पलीकडून म्हणाल्या. "सकाळपासून तीन येऊन गेले. मी लिहून ठेवलेत. न्यायला येणार का कुणी?"

त्यानंतर वर्षभर दर शनिवारी नाखवा कर्णिकबाईंकडे जात. बाईंनी शंभर पानी वहीत रकाने आखले होते: नाव, गाव, काय हवं. प्रत्येक फोनवाल्याला त्या आमचा खरा नंबर सांगत, आणि त्याच्या बोलण्यावरून तो गंभीर आहे की नुसता चौकशी करतोय, याचा शेराही मारून ठेवत. नाखवा म्हणायचे, "आपल्या पगारावर असत्या तर या बाईंनी अर्धा कोकण जिंकला असता." त्यांच्या तोंडून कुणाचं इतकं कौतुक मी पुन्हा ऐकलं नाही. पण घरी जाताना ते गुरगुरतही असत. चुकीच्या नंबरामुळे गिऱ्हाईक सापडतं आणि बरोबर नंबरामुळे सापडत नाही, या गोष्टीचा त्यांना आतून अपमान वाटायचा.

थोरले शेठ वारले आणि त्यांचा मुलगा रमेशशेठ गादीवर बसला. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एकदा परदेशातलं प्रदर्शन बघून तो आला आणि त्याने टेबलावर एक व्हिजिटिंग कार्ड टाकलं.

"नाखवा, हे बघा. पत्त्याच्या खाली काय आहे? वेबसाइट. तिकडे आता डिरेक्टरी कोणी उघडत नाही. सर्च इंजिनवर शब्द टाकायचा, की समोर यादी. त्या यादीत आपण वर पाहिजे, बस."

"आणि खाली असलो तर?"

"तर आपण नाहीच असं समजा."

नाखवांनी माझ्याकडे बघितलं. हे वाक्य त्यांना फार लवकर कळलं.

यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती रमेशशेठने त्याच दिवशी सांगून टाकली. देशातली गिऱ्हाइकं स्वस्त मालाकडे वळत होती. बाहेरच्या ऑर्डरी आल्या नाहीत तर तो मासेमारीची जाळी बंद करून बांधकामावरची हिरवी जाळी सुरू करणार होता. "शीळफाट्यापासून दिव्यापर्यंत बघा, इमारतीच इमारती उठतायत. सगळ्यांना जाळी लागते. गणपतीपर्यंत थांबतो. नंतर माझ्या हातात नाही."

ऑफिसमागच्या शेडमध्ये अकरा बायका काम करत. यंत्रावर विणलेल्या जाळ्याला कडेची दोरी लावायची, शिशाच्या गोळ्या ओवायच्या, कोपरे हाताने बांधायचे. सगळ्या कोळीवाड्यातल्या. त्यांची मुकादम हिराबाई, नाखवांची मोठी वहिनी. संध्याकाळी ती ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली.

"बालू, आमचं काय मग?"

"बघतो ना वहिनी."

"तू वीस वरसं बघतंस."

वेबसाइट अंधेरीच्या एका सल्लागाराने करून दिली. बक्षी त्याचं नाव. पान उघडलं की निळा समुद्र, वर उडी मारणारा मासा आणि लाटांवर डोलणारं कंपनीचं नाव. रमेशशेठने पेढे वाटले. एका मोठ्या परदेशी साइटवर माणसं बसून जगभरच्या वेबसाइटी निवडून यादीत लावत. तिथे आम्ही अर्ज भरला. एवढासा अर्ज, पण फोनच्या लाइनीवरून इंटरनेट चालायचं, आणि अर्ध्या अर्जात कुणाचा तरी फोन यायचा की सगळं पुसून जायचं. नाखवांनी तो अर्ज सहा वेळा भरला. सातव्या वेळी त्यांनी फोनवर उशी ठेवली आणि दाराला आतून कडी घातली.

सहा आठवड्यांनी नोंद लागली, कॉम्प्युटर नेटवर्कच्या विभागात.

'नेट' हा शब्द बघून तिकडच्या कुणीतरी आम्हाला तिथे टाकलं होतं. केबलचे भाव विचारणारी पत्रं यायला लागली. मी भीत भीत एक छापून नाखवांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मच्छरदाणी बरी होती," ते म्हणाले. "निदान तिला भोकं असतात."

बक्षीकडे यावर तोडगा होता. त्याने पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शंभरेक शब्द घुसवले. माणसाला दिसत नाहीत, पण सर्च इंजिन वाचतं, असं तो म्हणाला. त्यात निम्मी नावं सिनेमातल्या नट्यांची होती. आठवड्याभरात पानावरचा आकडा धावायला लागला. रमेशशेठ उड्या मारत वर आला.

"नाखवा, दीड हजार माणसं येऊन गेली साइटवर!"

"त्यातल्या किती जणांकडे होडी आहे?"

"अरे, येतील तेही. आधी गर्दी तर होऊ दे."

"शेठ, ही माणसं बाई बघायला आली आणि जाळं बघून परत गेली. आपण त्यांना फसवलं, आणि ज्याला जाळं पाहिजे तो अजून बाहेरच उभा आहे." त्यांचा आवाज चढला होता. "मना नको शिकवू धंदा!"

शेठशी ते कधी एकेरीत बोलले नव्हते. रागात त्यांची घरची भाषा तोंडातून निसटली. रमेशशेठ मान खाली घालून खाली उतरला.

महिन्याभरात ती लपवलेली अक्षरं पकडली गेली. आमची नोंद काढून टाकण्यात आली आणि सर्च इंजिनवरही आम्ही नाहीसे झालो. बक्षीचा फोन कोणी उचलेना. साइटचा पासवर्ड त्याच्याकडे होता. तो मिळवायला नाखवा दोनदा अंधेरीला जाऊन आले. दुसऱ्या वेळी ते त्याच्या दारात स्टूल टाकून चार तास बसले, तेव्हा कुठे एका चिठ्ठीवर तो हातात पडला.

मग त्यांनी तो विषय पत्रासारखाच हातात घेतला. सर्च इंजिनवाल्यांनी मदतीची पानं दिलेली होती, ती मला छापायला लावली आणि लाल पेन्सिल घेऊन वाचत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"वैद्यबाई, कॉम्प्युटरवर चित्रं बंद करता येतात ना? करा. आणि आपलं पान उघडा."

मी उघडलं. समुद्र गेला, मासा गेला, नाव गेलं. पडदा कोरा. बक्षीने सगळं पान एका चित्रातच बनवलं होतं.

"त्या यंत्राला चित्र दिसत नाही," नाखवा हळूच म्हणाले. "सहा महिने आपण त्याला कोरा कागद दाखवतोय."

पान नव्याने लिहायचं ठरलं. मी एक पुस्तक आणून त्यासाठी लागेल तेवढं शिकले. मजकूर ते सांगणार. पण पहिल्याच ओळीला ते अडले. आपण ज्याला अमुक म्हणतो, त्याला तिकडचा मच्छीमार काय म्हणत असेल? तो जो शब्द टाकेल तो आपल्या पानावर हवा. ऑफिसातल्या चौघांनी चार शब्द सुचवले. नाखवांनी ते लिहून घेतले आणि घडी करून कचऱ्यात टाकले.

"आपण आपल्याला काय म्हणतो ते राहू दे. तो आपल्याला कुठल्या नावाने हाक मारतो, ते त्यालाच विचारू."

त्यांनी जुन्या परदेशी गिऱ्हाइकांना पत्रं लिहिली. साधी, पोस्टाची. प्रत्येक पाकिटात जाळ्याचा वीतभर तुकडा आणि एकच प्रश्न: तुमच्या किनाऱ्यावर याला काय म्हणतात? दोन महिन्यांत सात उत्तरं आली. एकाने सोबत चित्र काढून पाठवलं होतं. ती सात पत्रं टेबलावर पसरून आम्ही पान लिहिलं. हिराबाईला बोलावून ते एकेक जाळं तिच्याकडून समजावून घेत, खणाच्या कडीवर गाठी मारत, आणि मला इंग्रजीत सांगत. आस किती, धागा कसला, शिसं किती, कुठल्या पाण्यात टाकायचं, कुठला मासा लागतो. 'उत्तम दर्जा' एकदाही आलं नाही.

आता रोज सकाळी एकच काम. सर्च इंजिनवर शब्द टाकायचा आणि पानं उलटत जायची. एका पानावर दहा नावं. पहिल्या दिवशी तिसाव्या पानापर्यंत गेलो, नव्हतो. दुसऱ्या आठवड्यात नव्हतो. मग एका सकाळी मी ओरडले, "साहेब, सतरावं पान!"

ते उठून आले. पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी १७ लिहिलं. दुसऱ्या दिवशी १७. तिसऱ्या दिवशी १७. मग २१.

"मागे कसे गेलो?" ते मला विचारत होते, जणू मीच ढकललं. "काल जे होतं तेच आज आहे ना पानावर? एक अक्षर तरी बदललं का?"

"नाही."

"मग मागे का?"

ज्याच्याशी भांडावं असा माणूस पलीकडे नव्हता, आणि नाखवांना सगळ्यात जास्त ते खुपायचं. डिरेक्टरीवाल्याच्या ऑफिसात निदान जाऊन बसता येत होतं.

बारा, मग नऊ, मग परत अकरा. गणपती आले आणि गेले. रमेशशेठने नाखवांच्या शब्दाखातर दिवाळीपर्यंत कळ काढली. दिवाळीनंतर शेड रिकामी झाली. बायका आपापले पाट आणि सुया पिशवीत घालून निघाल्या. नाखवा जिन्यापाशी उभे होते, त्यांच्या खांद्याला हात लावून हिराबाई बाहेर पडली.

शेड गेल्यावर तीनेक आठवड्यांनी मी सवयीने शब्द टाकला. आम्ही दुसऱ्या पानावर होतो. त्याच आठवड्यात एका लहान बेटावरच्या मच्छीमार सोसायटीचं पत्र आलं. हाताने बांधलेली, शिसं ओवलेली, फेकायची साठ जाळी हवीत. पत्रात त्यांनी आमच्याच पानावरचे शब्द वापरले होते.

नाखवा ते पत्र घेऊन रमेशशेठकडे गेले.

"आता कुठे, नाखवा? शेड भाड्याने दिली मी."

"मग मी घेऊ का हे काम?"

शेठने जरा विचार केला. "घ्या. उरलेला धागापण न्या. पण कंपनीचं नाव नको."

कोळीवाड्यातल्या अंगणात साठ जाळी तयार झाली. एका रविवारी मी बघायला गेले होते. अकराच्या अकरा बायका होत्या आणि नाखवा प्रत्येक जाळं हातावर घेऊन झटकून बघत होते. हिराबाई म्हणाली, "बालूला आज जेवन नको, त्याचं प्वाट भरलंय."

मला वाटलं, आता होईल काहीतरी. पण रमेशशेठलाही कळलं होतं, की आपली साइट दुसऱ्या पानावर आहे. तो माझ्या टेबलापाशी आला. एवढी वर आलेली जागा वाया का घालवायची? मासेमारीचा मजकूर काढा आणि हिरव्या जाळीचा टाका.

मी नाखवांकडे बघितलं. निवृत्तीला त्यांचे थोडेच दिवस उरले होते.

"पुसा," ते म्हणाले. "तुमची नोकरी आहे."

"साहेब, तुम्ही शेठना सांगा ना एकदा."

"काय सांगू? साइट त्यांची, जाळं त्यांचं. शब्द तेवढे माझे होते." खणाची कडी त्या दिवशी रिकामी होती.

त्यांचं पान मी माझ्या हाताने पुसलं. आजही त्या दुपारची आठवण आली की मला बोटं आखडून घ्यावीशी वाटतात. आणि ज्यासाठी पुसलं तेही साधलं नाही. महिन्याभरात आम्ही दोन्हींत कुठे नव्हतो, ना मासेमारीत ना हिरव्या जाळीत.

नाखवा निवृत्त झाल्यावर त्या बेटावरच्या सोसायटीचं, आणखी जाळी मागणारं दुसरं पत्र कंपनीच्या पत्त्यावर आलं. मी रजेवर होते. नव्या माणसाने त्यांना हिरव्या जाळीचं दरपत्रक पाठवून दिलं. परतल्यावर मला ते कळलं आणि त्याच संध्याकाळी मी पत्राची प्रत घेऊन चेंदणीला गेले. नाखवांनी ती वाचली. मला वाटलं, चिडतील. चिडले नाहीत. प्रतीच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी उत्तराच्या दोन ओळी लिहिल्या आणि हिराबाईला हाक मारत आत गेले.

त्यानंतर महिनाभराने मी ठाण्याच्या बाजारातून जात होते. नव्या निघालेल्या एका सायबर कॅफेच्या काचेतून मला नाखवा दिसले. पांढरा बुशशर्ट, दोन बोटांनी टाइप करणं चाललेलं. शेजारच्या खुर्चीवर हिराबाई, नऊवारीत, पदर खोचून, आणि मागे आणखी तिघी पडद्याकडे वाकलेल्या. मी दार ढकललं, पण आत गेले नाही. पडद्यावर जाळ्यांचं नवं पान अर्धं लिहून झालेलं होतं. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"माजं नाव कुठं हाय?"

"हे काय, वहिनी. एच, आय, आर, ए."

"नुसतं हिरा? हिराबाय लिव."

नाखवांनी कर्सर मागे नेऊन तीन अक्षरं घातली. मागून कोणीतरी म्हणालं, "माजं खाली का टाकलंस? मी तिच्यापरीस मोठी हाय." ते वैतागले. "अगं, ही यादी एबीसीडीने लागते, वयाने नाय!" मग जरा थांबले, डोकं खाजवलं, आणि सगळी नावं पुसून पहिल्यापासून लिहायला लागले, मोठीचं आधी.